हसू येईन तवा

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर धर्मपालमामांचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो एवढंच लिहिलंय. पण पाटीवर न लिहिलेलं एक काम तिथं बारा महिने चालतं — गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं. कॉलेज संपल्यापासून मैत्रेयी मामांच्या या दुकानात बसायची, आणि गिऱ्हाईक पायरी कशी चढतं यावरूनच त्याचं काम ओळखायची. झेरॉक्सवाला घाईत येतो. पासपोर्टवाला केसांवरून हात फिरवत येतो. आणि मोठा फोटो हवा असलेला माणूस पायरीवर जरा थांबतो, आत यावं की नको अशा विचारात.

तोही थांबला होता.

डिसेंबर अर्धा सरला तरी थंडीचा पत्ता नव्हता. नुसतं आभाळ दाटून होतं. ऊन नाही, आणि धड पाऊसही नाही. तुरीचा फुलोरा गळणार म्हणून सगळं गाव तोंड पाडून बसलेलं. त्या मळकट उजेडात हा उंच, सावळा पोरगा पायरीवर उभा. शर्टाच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले, आणि हातात एक आधार कार्ड.

"याच्यावरचा फोटो मोठा करता येते का?" त्यानं विचारलं.

मैत्रेयीनं कार्ड पाहिलं. सत्यभामा नावाची बाई. आधारवरचे फोटो असतात तसाच फोटो — दचकलेला चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे. रोजच्या सवयीनं ती म्हणाली, "करता येते, पन चेहरा फुटते. डोयाच्या जागी ठिपकेच दिसतीन. दुसरा नाही का एखादा?... कधी वारल्या?"

त्यानं कार्ड परत घेतलं आणि शर्टाला पुसलं.

"हाय अजून," मग तो म्हणाला. "माय हाय माही. घरी दाय निवडून राह्यली असन आता."

मैत्रेयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तो रागावला असता तर बरं झालं असतं; पण तो रागावला नाही, उलट तिचीच समजूत काढल्यासारखा बोलत सुटला. नाव संघदीप. गाव बोरी अरब. नेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर काम. आईच्या पोटात गाठ आहे, यवतमाळला औषधपाणी चालू आहे. किती दिवस, ते डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. मात्र घरात लग्न असेल तर उन्हाळ्यावर टाकू नका, एवढं बजावलं. म्हणून धाकट्या बहिणीचं, राखीचं लग्न घाईनं धरलेलं. आणि घरात आईचा म्हणून एक फोटो नाही. बाई जन्मभर कॅमेऱ्यापासून पळत आलेली. नात्यातल्या लग्नांचे ढीगभर फोटो शोधले, तर कुठं तिचा कोपर सापडला, कुठं पदराचा शेव.

"अन् लग्नाच्या फोटोवाल्यानं सकायीच सांगितलं, त्याले दुसरं मोठं काम भेटलं," तो म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. तिथं एका फोटोत तितर होतं, तुरीच्या बांधावर पिल्लांना घेऊन निघालेलं, पंखांवरची एकेक रेघ मोजून घ्यावी असं. "हा कोनं काढला?"

"मी."

"मंग लग्नाचे काढा ना तुमी."

"पाखराचा फोटो बिघडला तं पाखरू घरी येऊन भांडत नाही," मैत्रेयी म्हणाली. "मी लग्न कधी काढलं नाही."

तो हसला. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि ती दिसली की तो एकदम लहान वाटायचा. मैत्रेयीच्या मनात आलं, हे आपण उगाच पाहिलं. आता पुन्हा पाहावंसं वाटेल.

"माही माय पाखरासारखीच हाय," तो म्हणाला. "कॅमेरा दिसला का उडते. बाकीचे सारे फोटो बिघडले तरी चालन. तिचा एक पाहिजे... चांगला."

आता सांगा, याला नाही कसं म्हणायचं?

*

हळदीच्या दिवशी मैत्रेयी जीपमध्ये अंग चोरून बसून बोरी अरबला पोचली. गळ्यात मामांचा जुना कॅमेरा, आणि त्याला पाखरं टिपायची ती लांबलचक लेन्स. जवळून फोटो काढायची लेन्स मामांनी कुणाला तरी देऊन ठेवली होती आणि ती काही परत आली नव्हती. म्हणजे नवरीचा चेहरा टिपायचा तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. बाया हसू लागल्या. फोटोवाली नवरीला घाबरून राह्यली का, असं एकीनं विचारूनही घेतलं.

संघदीपनं मात्र कुठून तरी एक लाकडी स्टूल आणलं आणि ती जाईल तिथं तिच्यामागं घेऊन फिरू लागला. काही न बोलता स्टूल ठेवायचा, ती चढेपर्यंत धरून उभा राहायचा. त्याच्या हाताला हळद लागली होती. स्टुलालाही लागली, आणि कशी कोण जाणे, तिच्या ओढणीलाही.

"एवढ्या लांबून काय दिसते तुमाले?" त्यानं एकदा विचारलं.

तिनं कॅमेरा त्याच्यापुढं धरला. त्यानं वाकून डोळा लावला, आणि त्याच्या केसांचा खोबरेल तेलाचा वास इतका जवळून आला की मैत्रेयीनं श्वास धरून ठेवला. तो लेन्स फिरवत फिरवत एका जागी थांबला. तिला कळलं, काय सापडलं ते. अंगणापलीकडं, तुराट्यांच्या कुडाला टेकून, सत्यभामाबाई बसली होती. औषधानं केस गेलेले. डोक्याला घट्ट रुमाल, त्यावरून कपाळापर्यंत पदर. आपल्याला कुणी पाहतंय हे तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती बसली होती आणि एका हातानं पोट दाबून धरलं होतं.

संघदीपनं कॅमेरा परत दिला. म्हणाला, "रोज पाह्यतो तिले. पन एवढ्या जवयून नवतं पाह्यलं."

  मैत्रेयीनं ओढणीवरची हळद पुसायला घेतली आणि मग पुसली नाही.

दिवसभर तिनं सत्यभामाबाईचा पिच्छा पुरवला. बाई मोठी हुशार. लेन्स वळली की सूप तोंडासमोर यायचं, सूप नसलं तर परात, परात नसली तर पदर. तितराला पकडणं सोपं असं मैत्रेयीला होऊन गेलं. दुपार कलली तेव्हा बाईनंच तिला कुडाआड हाक मारली आणि हातात चहाचा कप दिला.

"बस. सकायपासून उभी हायस," ती म्हणाली. आणि मैत्रेयी बसताच, आवाज जराही न बदलता पुढं बोलली, "मले ठावं हाय संघदीपले माहा फोटो कायले पाहिजे. त्याले वाटते मायले समजत नाही."

मैत्रेयीचा कप तसाच हातात राहिला.

"माह्या मांगं टेबलावर ठेवाले, मेनबत्ती लावाले. ठेवा ना, माही ना नाही. पन माह्या सासूचा फोटो हाय घरात. जन्मभर हसनारी बाई होती ते. कोन्या मयतीत काढलेला फोटो मोठा केला त्याईनं, अन् आता लेकराईले आजी म्हनजे तेच रडकं तोंड. माहं तसं नोको."

"मंग हसा ना, मावशी. आताच काढते."

"तसं हसू येते का बाई?" सत्यभामाबाईनं पोटावरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला. "खोटं हसाले मले जमत नाही. हसवाले लागू नोको. हसू येईन तवा काढजो, मले न सांगता. अन् नाहीच आलं... तं राहू दे."

मैत्रेयीनं चहा संपवला आणि त्या दिवशी बाईवर पुन्हा लेन्स धरली नाही.

*

लग्न दुसऱ्या दिवशी, विहारापुढच्या मोकळ्या जागेत. आभाळ आणखी खाली आलेलं. मांडवाचं कापड पांढरं, राखीची साडी पांढरी, नवरदेव राजदीपचे कपडे पांढरे, आणि मैत्रेयीचे पहिले फोटो सगळे राखाडी. पांढरं फार झालं की कॅमेरा गोंधळतो आणि सगळं अंधारून टाकतो, हे तिनं ऐकलं होतं; घामाघूम होऊन तिनं उजेड वाढवला, पुन्हा काढला, पुन्हा वाढवला. शेवटी साडी पांढरी झाली. पहिली लढाई जिंकल्यासारखं तिला वाटलं.

ती सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ स्टुलावर उभी होती. समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, नवरा-नवरी. डाव्या अंगाला खांबाआड सत्यभामाबाई. नवरीची आई म्हणून पुढं बसवलं, म्हणून बसलेली. उजव्या अंगाला, पार टोकाला, साउंडबॉक्सच्या शेजारी संघदीप. लग्न कसं लागतं ते मैत्रेयीला लहानपणापासून पाठ. वंदना, त्रिशरण, पंचशील, मग दोघांच्या प्रतिज्ञा, मग हार. आणि हार पडले की फुलं. चुकायला जागाच नव्हती.

प्रतिज्ञा सुरू झाल्या. राखीचा आवाज कापत होता, आणि तो कंप माइकमधून मांडवभर पसरला. मैत्रेयीनं चार फोटो घेतले, छान आले. अजून जरा वेळ होता. तिच्या मनात आलं, एकदा... एकदाच.

लेन्स उजवीकडं वळली.

आणि संघदीप समोर आला, हात पुढं केला तर गालाला लागेल इतका जवळ. मायची वेळ जवळ आली, बहीण चालली, आणि हा पोरगा जिनिंगमधल्या काट्यासारखा सरळ उभा राहून दोन्ही पेलत होता. त्याच्या पापण्या ओल्या होत्या. कुणी पाहत नाही असं समजून त्यानं बाहीनं डोळे पुसले, मग बहिणीकडं पाहून ते दातांच्या फटीचं हसू हसला, मग पुन्हा डोळे पुसले. मैत्रेयी पाहत राहिली. बटण दाबायचंही तिला सुचलं नाही. पाखरांच्या मागं फिरताना तिला एक गोष्ट कळली होती, की टिपायचं विसरून नुसतं पाहत राहावंसं वाटलं तर समजावं, हे पाखरू आता रोज आठवणार.

आपलं काही तरी चुकतंय असं वाटून तिनं लेन्स घाईनं परत फिरवली. वाटेत खांब आला, आणि खांबाआडून सत्यभामाबाई मागं वळून थेट तिच्याकडं पाहत होती.

बाईनं लेन्सकडं पाहिलं. मग मान वळवून, लेन्स जिकडून आली होती तिकडं, आपल्या पोराकडं पाहिलं. मग पुन्हा लेन्सकडं. आणि तिला हसू फुटलं. ओठ दाबून पाहिले, दाबले गेले नाहीत. खांदे हलू लागले, पदर मागं सरकला, आणि त्या दुखणाईत चेहऱ्यावर आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. तिच्याही पुढच्या दातांत तीच फट होती.

मैत्रेयीनं बटण दाबलं.

त्याच वेळी टाळ्या वाजल्या. फुलं उडाली. तिनं झटकन नवरा-नवरीकडं पाहिलं, तर दोघांच्या गळ्यांत हार होते.

*

पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. नवरदेवाची आत्या मैनाबाई हौशीची. तिनं तिथल्या तिथं कॅमेऱ्यात फोटो पाहायला मागितले. सगळे फोटो होते, हार घालतानाचा तेवढा नव्हता. मैनाबाई म्हणाली, हार घालतानीचाच फोटो नाही तं बाकीच्याचं काय लोणचं घालाचं. तिचं काही खोटं नव्हतं. मग एकेक जण येऊन बोलू लागला. कुणी म्हणालं, पोरीच्या जातीले हे जमत नसते. कुणी म्हणालं, पाखरं काढनाऱ्याले कायले बोलावलं.

संघदीप जवळ आला. "काय झालं व?" त्यानं हळूच विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण थकवा होता, आणि तो रागापेक्षा वाईट.

तुमच्या आईचा फोटो काढत होते, असं सांगून सुटता आलं असतं. ते खरंही होतं. पण अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं विचारलं जातं, आणि ते चारचौघांत सांगण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या. "चुकलं," एवढंच ती म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली. पहिलं लग्न, आणि बहुतेक शेवटचं.

तेवढ्यात सत्यभामाबाई खांबाला धरून उठली. "घाला व पुन्हा हार," ती म्हणाली. "एकदा घातले तं दुसऱ्यांदा काय जड हायत का?" आजारी बाईपुढं कोण बोलणार? हार काढले, पुन्हा घातले. त्या फोटोत राखी आणि राजदीप दोघंही दात आवळून उभे आहेत आणि मागं मैनाबाई फोटोवालीवर नजर ठेवून आहे.

पंगती बसल्यावर सत्यभामाबाईनं मैत्रेयीला खूण करून विहारामागं नेलं. "दाखव," म्हणाली.

मैत्रेयीनं फोटो दाखवला. बाईनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"बरी दिसून राह्यली," मग ती म्हणाली. "दात दिसतेत... पन चालन."

"मावशी, मी..."

"गप. सारा मांडव नवरा-नवरीकडं पाहून राह्यलता, अन् फोटोवाली एकटी माह्या पोट्ट्याकडं. चोर सापडला म्हनून हसू आलं मले." तिनं कॅमेरा परत दिला, पण मैत्रेयीचा हात सोडला नाही. तिचा हात हलका होता आणि गरम होता. "त्याले दाखव फोटो. पन मी काहून हसली ते आता सांगू नोको. आता सांगितलं तं मले घाई सुटन. तुमचं लगन पाहाची, नातू पाहाची... अन् मले जाता नाही येनार. माह्या मांगून सांगजो. माह्या मांगून त्या घरात काही तरी चांगलं घडाले पाहिजे ना, बाई."

*

फोटो निवडायला म्हणून संघदीप दुकानात आला. आईचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा तो खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. ही हसते कशी, ते आपण विसरलो होतो, असं काहीसं तो पुटपुटला. मग त्यानं साहजिकच विचारलं, "काहून हसून राह्यली होती?"

"मांगून सांगीन," मैत्रेयी म्हणाली.

तो नेरहून घरी जाताना वाट वाकडी करून दारव्ह्याला येऊ लागला. कधी रेशनकार्डाची झेरॉक्स, कधी पुन्हा त्याच रेशनकार्डाची झेरॉक्स. एकाच कागदाच्या किती प्रती लागतात, असं तिनं विचारलं तर म्हणे, मागची फिकी आली. बरोबर कधी बोरं, कधी ओल्या हरभऱ्याचे टहाळ. धर्मपालमामा चष्म्यावरून पाहायचे आणि स्टँडवर चहा प्यायला निघून जायचे. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मायचं कसं आहे, हे आधी बोलून व्हायचं. आज जेवली. आज नाही जेवली. आज रात्रभर बसून होती. आणि निघताना, पायरीवरून वळून, तो नेमानं विचारायचा, "काहून हसली होती माय? सांग ना."

"मांगून."

"मांगून म्हनजे कधी?"

ती झेरॉक्सचे कागद जुळवत बसायची. त्याला वाटे, पोरगी भाव खाते. तिचं मात्र प्रत्येक वेळी आत काही तरी तुटायचं. जे सांगायला जीव आसुसला होता, ते सांगायची वेळ येऊच नये म्हणून ती रोज मनातल्या मनात हात जोडत होती. त्यानं हा प्रश्न म्हातारा होईस्तोवर विचारत राहावा, आणि आपण म्हातारं होईस्तोवर 'मांगून' म्हणत राहावं... असं प्रेम जगात कुणी केलं असेल की नाही कोण जाणे. तो फोटो तिनं छापलाही नव्हता. छापला की काही तरी होईल असं उगाच वाटायचं.

पळस फुलले. दारव्ह्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी लाल झालं, आणि आभाळ पुन्हा एकदा अवेळी दाटून आलं. त्या दिवशी दुपारी मैत्रेयीनं मान वर केली तर संघदीप पायरीवर उभा होता. आत येत नव्हता.

तो थांबला होता.

तिनं काही विचारलं नाही. उठून कॉम्प्युटर लावला, तो फोटो उघडला, आणि मोठ्या कागदावर छापायला दिला. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला, आधी रुमाल, मग कपाळ, मग डोळे. संघदीप आत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. दोघांचे खांदे टेकले होते, आणि कुणीही बाजूला झालं नाही. हसू दिसू लागलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून रडला.

*

सत्यभामाबाईच्या पुण्यानुमोदनाला मैत्रेयी मामांबरोबर बोरी अरबला गेली. टेबलावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला सत्यभामाबाई, पदर मागं सरकलेली, दात दाखवून हसणारी. बाया रडत आत यायच्या, फोटो पाहायच्या आणि रडता रडता त्यांच्या तोंडावर हसू यायचं. मैनाबाईही आली होती. ती फोटोसमोर पुष्कळ वेळ उभी राहिली आणि जाताना मैत्रेयीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. राखी गळ्यात पडली. हाराचा फोटो हुकला, पण मायचा असा आला ते बरं झालं, असं ती म्हणाली; तो का हुकला हे तिला तरी काय ठाऊक?

वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. वारा सुटला होता. संघदीप ओट्याच्या कडेला एकटाच बसला होता, तेच हळदीचे डाग पडलेलं स्टूल पायांशी. मैत्रेयी स्टुलावर बसली.  एरवी भेट संपता संपता विचारायचा तो प्रश्न आज त्यानं विचारला नाही.

"आज विचारलं नाही?" शेवटी तीच म्हणाली.

तो जमिनीकडं पाहत होता. "मांगून म्हनजे कधी ते समजलं मले," तो म्हणाला. "माय गेली त्याच दिवशी समजलं. आता विचारलं तं तू सांगशीन. अन् तू सांगितलं म्हनजे माय खरंच गेली."

 किती दिवस तिनं आपलं उत्तर मनात घोळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द जागेवर सापडेना.

"तिनंच सांगाले लावलं होतं... मांगून," ती म्हणाली. "हार घालतानी मी चुकली नाही, संघदीप. मी तिकडं पाहूनच नवती राह्यली. सारा मांडव नवरा-नवरीकडं पाहून राह्यलता, अन् माही लेन्स तुह्याकडं होती. तू डोये पुसून राह्यलता. मायनं मले पकडलं. म्हनून हसली ते."

 वाऱ्यानं अंगणातल्या मांडवाचं कापड फडफडलं, थांबलं, पुन्हा फडफडलं.

"एवढे दिवस मले वाटे, तिले काही जुनं आठवलं असन," तो हळूहळू म्हणाला. "मले वाटे, ते आमच्या कोनाकडंच नाही पाहून राह्यली..."  मग एकदम त्याला हसू आलं. ओठ दाबले, खांदे हलले, आणि ती फट दिसली. हसता हसताच डोळे भरून आले, आणि या वेळी त्यानं ते बाहीनं पुसले नाहीत. "म्हनजे माह्यासाठी शिव्या खाल्ल्या तू? एवढ्या लोकाईच्या?"

"खाल्ल्या."

"सांगाचं ना मले तवाच."

"सांगितलं असतं तं माय थांबली असती म्हने. नातू पाहाले." तिनं मान खाली घातली. "मले वाटते... सांगाले पाहिजे होतं का रे तवाच?"

 त्यानं तिचा हात हातात घेतला. त्याचा हात आईच्या हातासारखाच गरम होता.

आत वाऱ्यानं एक मेणबत्ती विझली. दोघंही उठले. त्यानं काडी ओढली, तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून ज्योतीला आडोसा दिला. वात पेटली तरी दोघं तिथून हलले नाहीत. फोटोतली बाई थेट समोर पाहत होती, आणि तिच्यासमोर आता ते दोघं एकाच जागी, खांद्याला खांदा लावून उभे होते. चोर सापडल्यावर हसावं तशी ती त्यांच्याकडं पाहून हसत होती.

"मावशी," मैत्रेयी हळूच म्हणणार होती, पण तोंडून आलं, "माय."

आणि संघदीपनं ते ऐकलं.